चार अंशांचं घर

तात्यांनी कबूल केलं, हे साहेबांनी मला चहाच्या मशीनपाशी सांगितलं, आणि तेही हरवलेली छत्री सापडल्याच्या सुरात. "सकाळी आले होते. स्वतःहून. म्हणाले, बदलांच्या लॉगमध्ये माझं नाव आहे ना, मग मीच केलं असणार. लिहून पण दिलंय. सुंठीवाचून खोकला गेला बघा." माझा कप भरला, वरून वाहिला, बोटांवर सांडला, तरी मी बटण दाबूनच उभी. साहेब म्हणाले, "अहो, हात." मी म्हटलं, "हो, हात." मग ते म्हणाले की उद्या अकराला समिती अपघाताच्या अहवालावर सह्या करेल, आणि तात्यांच्या जागेचं जे अडलंय तेही आता मार्गी लागेल, तुम्ही तयारीत राहा. तात्यांची जागा म्हणजे कॅलिब्रेशन विभागाचं प्रमुखपद. म्हणजे मी. मी नळाखाली हात धरला, आणि पाणी गार आहे की नाही हेसुद्धा मला कळत नव्हतं. चेहऱ्यावर मात्र मी तेच हसू ठेवलं होतं जे बढतीच्या बातमीवर ठेवायचं असतं. चांगली नटी झाले असते मी, उगाच इंजिनांत आयुष्य घातलं.

महिनाभर मी गप्प बसले होते ती एकाच गोष्टीच्या भरवशावर, तात्यांच्या हट्टावर. या माणसाने एकतीस वर्षांत स्वतःची चूक मान्य केल्याचं कोणी ऐकलेलं नाही. एकदा भर मीटिंगमध्ये त्यांनी एका पाहुण्या तज्ज्ञाला सांगितलं होतं, "आकडा बरोबर आहे, तुमचं इंजिन चुकलंय." आणि ते इंजिन खरंच चुकलेलं निघालं. मी मनात सगळं मांडून ठेवलं होतं: तात्या म्हणतील मी नाही, लॉग म्हणेल तुम्हीच, दोन-तीन बैठका होतील, आवाज चढतील, शेवटी 'निश्चित कारण सांगता येत नाही' असं लिहून कागद फाइलला लागेल. कोणाचंच काही बिघडणार नाही. माझंही नाही. इतकी साधी मांडणी होती, आणि तात्यांनी ती एका कागदावर सही करून उधळून लावली. मला त्यांचा रागच आला. खरं सांगते, लाज नंतर वाटली, आधी रागच आला. म्हटलं, एकतीस वर्षं भांडलात, आणि आत्ताच कुठून हा भलेपणा सुचला?

जागेवर येऊन बसले. समोर पडद्यावर टेबल उघडंच होतं. आमचं काम कोणाला सांगायला गेलं की समोरचा जांभई देतो, माझा नवरा तर दुसऱ्या वाक्याला. गाडीच्या इंजिनाला केव्हा किती इंधन द्यायचं याचे आकडे एका तक्त्यात, म्हणजे टेबलात, असतात, डावीकडे तापमान, वर इंजिनाचे मिनिटाला फेरे, आणि मध्ये शेकडो सेल, म्हणजे आकड्यांचे चौकोन. तात्या त्यांना घरं म्हणायचे. "अमुक घरात कोण राहतं ते आधी बघ, मग हात लाव." आकडे वाचून डोळे शिणतात म्हणून सॉफ्टवेअर त्यांना रंग देतं, लहान आकड्याला निळा, मग हिरवा, पिवळा, सगळ्यात मोठ्याला लाल. आता यात एक गंमत आहे. रंग हे त्या टेबलातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्याच्या मध्ये वाटले जातात. म्हणून एखादंच घर फार मोठं असलं तर बाकीची सगळी घरं निळसर, मरगळलेली दिसतात, खोलीत एक जण मोठ्याने बोलायला लागला की बाकीचे मुके वाटतात तशी. आणि तेवढं एक घर खाली आणलं की बाकी एकाचाही आकडा न बदलता सगळं टेबल फुलून येतं. थंडीत गाडी सुरू करायच्या टेबलात असं एक घर होतं. चार अंश तापमान, आठशे फेरे. आजूबाजूला बावीस, तेवीस, पंचवीस, आणि मधोमध अडतीस. एकटं, लालभडक. दर आढाव्याला कोणीतरी विचारायचंच, "हा डाग कसला?" तात्या म्हणायचे, "डाग नाही. तिथे तसंच लागतं." बस. का लागतं ते लिहिलेलं कुठेच नाही. तात्यांचा लिहिण्यावर विश्वास नव्हता, सांगण्यावर होता, आणि मला त्यांनी ते नक्की सांगितलं असणार, आणि मी तेव्हा दुसऱ्या कशाच्या तरी घाईत असणार. मला ते घाईबाई म्हणायचे. सगळ्यांसमोर म्हणायचे, पण माझ्या टेबलाला कोणी नाव ठेवलं तर माझ्या आधी भांडायला उठायचे.

त्यांच्या निवृत्तीआधीच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी, दुपारी तीन चाळीसला, मी ते घर गुळगुळीत केलं. आढाव्यासाठी टेबलांची रंगीत चित्रं छापायची होती, तासाभरात, आणि हे एक टेबल असं कळकट दिसत होतं. मी लाल घर आणि त्याच्या भोवतीची आठ, अशी नऊ घरं माउसने धरली आणि 'स्मूद' दाबलं, म्हणजे शेजारच्या आकड्यांच्या सरासरीने मशीनच सगळे सारखे करतं. अडतीसचे पंचवीस पॉइंट तीन झाले. आणि पडदा असा खुलला की मी खुर्चीत मागे रेलले. निळ्यापासून लालपर्यंत रंग कसे ओळीत, एकाच्या पदरात दुसरा. मला आनंद झाला होता, हे मी विसरू शकत नाही. घाबरले नाही, शंकासुद्धा आली नाही, चक्क आनंद झाला. तीच फाइल सेव्ह केली, आणि पुढे गाड्यांत तीच गेली. आता हे सगळं तात्यांच्या नावावर का गेलं, तर आमच्याकडे त्या सॉफ्टवेअरचं एकच लायसन्स होतं, आणि त्याचं डोंगल, ते बोटाएवढं, जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही, तात्यांच्या कॉम्प्युटरला कायम लावलेलं. काढलं की ते ओरडायचे. त्यामुळे ज्याला कोणाला टेबलात हात घालायचा असेल तो तात्यांच्या खुर्चीत बसायचा, तात्यांच्या नावाने. बारा वर्षं हीच पद्धत. सगळ्यांना माहीत, आणि समितीसमोर सगळ्यांना माहीत नाही. समितीतले तर या मजल्यावर कधी चढलेलेच नाहीत. त्या दुपारी तात्या निवृत्तीचे फॉर्म घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत होते. परत आले तेव्हा मी उठले, त्यांना खुर्ची दिली, आणि म्हटलं, "तात्या, चित्रं छापून झाली." ते म्हणाले, "शाबास." आता त्या शाबासकीचं मी काय करू?

शाळेत असताना विज्ञानाच्या वहीत लंबकाचा आलेख काढायचा होता. सात बिंदू, सहा एका रेषेत, सातवा बाहेर. मी खोडरबराने सातवा पुसला आणि रेषेवर आणून ठेवला. बाईंनी 'छान' लिहिलं. माझ्या शेजारच्या मुलीने बाहेरचा बिंदू तसाच ठेवला होता, तिचे दोन गुण कापले. ती रडली, आणि मी तिला म्हटलं, "अगं, एवढं काय, पुसायचा ना." तिची समजूत घालताना माझा स्वर किती मायेचा होता ते मला अजून ऐकू येतं. मी वाईट मुलगी नव्हते. मला नुसतं नीटनेटकं आवडायचं. चादरीला घडी पडलेली मला अजून चालत नाही, माझी लेक म्हणते, "आई, मी झोपलेय, तू माझ्याखालची चादर काय ओढतेस?" कोणाला पाडायचं म्हणून मी काही केलेलं नाही, हे मी गेला महिनाभर स्वतःला सांगतेय, दात घासताना, जिना उतरताना. त्या चालकाला हे कोण सांगणार? थंड डोंगरावरच्या कुठल्याशा गावात पहाटे छोटी बस सुरू झाली, चढावर आली आणि बंद पडली. ब्रेक जड झाला, बस मागे घसरली, भिंतीवर आदळली. आत प्रवासी कोणी नव्हते. चालक, वय बावन्न, डाव्या पायाची दोन हाडं. नंतर आणखी अकरा गाड्या तशाच बंद पडल्या, नशिबाने सपाटीवर. सगळीकडे तापमान चारच्या आसपास. चाचणी आम्ही शून्यावर केली होती आणि दहावर केली होती, नियमात तेवढंच आहे. चार अंशांवर इंजिनाचा हीटर बंद होतो आणि त्या क्षणी त्याला एक मोठा घोट लागतो, हे मला आता कळलं, अहवालातून. तात्यांना ते पंधरा वर्षांपूर्वी कळलं होतं, तीन हिवाळी सकाळी एका इंजिनापाशी कुडकुडत उभं राहून. समितीने जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवली, नऊ घरं वेगळी निघाली, लॉग उघडला, नाव तात्यांचं.

त्या दिवशीच बोलायला हवं होतं. पहिल्या दिवशी गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी सांगाव्या लागतात, चूकही आणि गप्प बसल्याचंही. तिसऱ्या दिवशी तर काय, दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी झालेली असते. मधे दोनदा तात्यांचा फोन आला, मी उचलला नाही. फोन टेबलावर थरथरत सरकत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसले होते, संपेपर्यंत. नवऱ्याला एकदा मैत्रिणीची गोष्ट म्हणून सांगून बघितलं. तो जेवत होता. म्हणाला, "सांग तुझ्या मैत्रिणीला, झाकली मूठ सव्वा लाखाची." मग दोन घास खाऊन म्हणाला, "पण मग तिला झोप का लागत नाही विचार." मी उठून पाणी आणायला गेले. तो काही वेडा नाही.

साडेचारलाच ऑफिसातून निघाले. डोकं दुखतंय म्हणाले, ते दुखतही होतं. तात्यांचं घर चालत वीस मिनिटांवर, पण मी मधेच एका दुकानाच्या काचेपाशी थांबले, आतले रंगांचे डबे बघत, भिंतींचे रंग, निळ्यापासून सुरू होऊन ओळीने. पुढे गेले, परत वळले, सिग्नलला उभी राहिले आणि हिरवा झाल्यावरही उभीच राहिले. मागचा एक माणूस म्हणाला, "जायचंय का नाही बाई?" तेच तर. मी वाक्य जुळवत होते. 'तात्या, एक सांगायचंय.' नाही. 'तात्या, तुम्ही असं कसं लिहून दिलंत?' हे बरं होतं, म्हणजे आधी त्यांनाच रागवायचं. मग ते म्हणतील, लॉगमध्ये नाव होतं. मग मी म्हणेन, पण डोंगल... आणि पुढे ते स्वतःच समजतील, मला म्हणावंच लागणार नाही. बघा, तिथेसुद्धा मी ताकाला जाऊन भांडं लपवायच्याच विचारात होते. जिना चढताना दुसऱ्या मजल्यापर्यंत दोनदा थांबले. वाटलं, ते घरी नसले तर किती बरं. अगदी मनापासून वाटलं.

दार काकूंनी उघडलं. माझा हातच धरला त्यांनी. "ये ये. झोपलेत ते, उठतील आता. आधी आत ये, मला तुझ्याशी बोलायचंय." स्वयंपाकघरात नेलं. तिथे प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली. साखर. मीठ. चहा. गॅसच्या बटणावर लाल पट्टी, आणि तिच्यावर काकूंच्या अक्षरात 'बंद केलं का?' मी त्या पट्टीकडे बघत राहिले. काकूंनी आवाज खाली आणला. "दोन वर्षं झाली गं. कुणाला बोलले नाही. किटली जाळली, तीनदा. बँकेतून येताना रस्ता चुकले, आपल्याच रस्त्याला. मी म्हटलं डॉक्टरला दाखवू, तर अंगावर यायचे. सगळेच विसरतात म्हणे, तू नाही विसरत? ऑफिसात तर कळू दिलं नाही कुणाला. तुमचं ते टेबल की काय, त्यात मात्र कधी चुकले नाहीत, तेवढ्यावर ताठ होते. म्हणायचे, माझं डोकं गेलं असतं तर आकडे चुकले असते ना?" त्या थांबल्या, ओट्यावरचं फडकं उगाच पिळलं. "आणि मग हे झालं. समितीने बोलावलं त्या दिवशी घरी आले, खुर्चीत बसले, म्हणाले, आकडाही चुकला. चल, दाखव मला कुठे दाखवायचं ते. उद्याची वेळ मिळालीय. देवाची कृपाच म्हणायची, ती चूक झाली म्हणून."

मी म्हटलं, "काकू, ती चूक माझी आहे." इतकं सोपं निघालं ते, महिनाभर जे सांगता आलं नव्हतं. खुर्चीत मी होते, बटण मी दाबलं, ते तिथे नव्हतेच, असं सगळं एका दमात सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटलं. "त्यांना सांगू नकोस," म्हणाल्या. "काकू, त्यांनी सही केलीय. उद्या अहवाल—" "असू दे अहवाल. उद्या डॉक्टरकडे जाऊन येऊ दे. परवा सांग, तेरवा सांग, हवं तर पाय धर त्यांचे. पण आज कळलं ना की आकडा त्यांचा नव्हता, तर ते उद्या उंबरा ओलांडणार नाहीत. तुला माहीत नाहीत ते. मी चाळीस वर्षं ओळखते." त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं, दुखेल इतकं. "तुझी चूक आहे ना? मग एवढं कर माझ्यासाठी." आणि मला हायसं वाटलं. हे सांगायलाच हवं. गप्प बसणं, ज्याची मला महिनाभर किळस येत होती, ते आता कोणीतरी माझ्याकडे हात जोडून मागत होतं. मी म्हटलं, "बरं, काकू." माझा स्वर पुन्हा तसाच मायेचा आला, आणि तो मी ऐकला.

बाहेर खोकल्याचा आवाज आला. तात्या उठून दिवाणखान्यात आले होते, दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकलेलं. मला बघून खुलले. "घाईबाई. ये. फोन उचलत नाहीस, आणि दारात उभी." मी समोर बसले. काकू चहा घेऊन आल्या आणि गेल्याच नाहीत, दाराशी टेकून उभ्या राहिल्या. तात्यांनी ऑफिसची चौकशी केली, डोंगल कुठे लावलंय विचारलं. मी म्हटलं, "आता डोंगल नाही लागत, प्रत्येकाचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड." "मग बरं आहे," ते म्हणाले, "आता तरी कोणाचं कोणाच्या नावावर जाणार नाही." मी कप उचलला. त्यांच्या डोळ्यांत काही नव्हतं, ते सहज बोलले होते. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. शिकवायचं असलं की ते असेच सरकायचे. "हे बघ, माझं झालं ते झालं. पण तू आता त्या जागेवर बसणार. म्हणून सांगतो, मी काय केलं ते नीट ऐकून ठेव."

मी म्हटलं, "तात्या, राहू दे ना." "राहू दे कशाला? आधी मला आठवतच नव्हतं. त्यांनी ती दोन रंगीत चित्रं समोर ठेवली, एकात लाल घर, एकात नाही, आणि विचारलं, हे का केलंत? मला काही सांगता येईना. घरी येऊन रोज बसलो डोळे मिटून. रोज. मग हळूहळू आठवायला लागलं." ते हसले, थोडेसे, अवघड गणित सुटल्यावर हसावं तसे. "मंगळवार होता. फॉर्म भरून परत आलो, पाय दुखत होते. खुर्चीत बसलो. समोर ते टेबल. आणि ते लाल घर डोळ्यात खुपलं. पंधरा वर्षं मीच सांभाळलेलं, पण त्या दिवशी वाटलं, काय हे घाण दिसतंय. दमलो होतो गं. नीटनेटकं करून जावं असं वाटलं असणार. नऊ घरं धरली आणि दाबलं. आणि सांगू? बरं वाटलं. सगळे रंग कसे सुटे झाले. आनंद झाला मला."

मी कप खाली ठेवला. हे कसं आलं यांच्याकडे? मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. तो आनंद माझा होता, वाईट, चोरटा, पण माझा, आणि तो यांनी त्या दोन चित्रांतून बसल्या बसल्या तयार केला होता, आणि अंगावर घेतला होता. दाराशी काकू मान हलवत होत्या, नको म्हणून. मी खाली बघितलं. बोलायचं नाही. उद्यापर्यंत. फक्त उद्यापर्यंत. यात सगळ्यांचंच भलं आहे. तात्या पुढे बोलतच होते. "आणि तू होतीस तिथे. मागे उभी होतीस, चित्रांचे कागद हातात घेऊन. तू म्हणालीस, तात्या, असू दे ते घर, हात नका लावू. मी तुझं ऐकलं नाही." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्यावर एवढा ओरडायचो आकड्यांवरून, आणि त्या दिवशी तूच बरोबर होतीस. समितीला पण हे लिहून दिलंय मी. म्हटलं, पोरीने सावध केलं होतं, हे राहायला नको."

"मी नाही म्हणाले तसं," मी म्हटलं. "तात्या, मी काही नाही म्हणाले. खुर्चीत मी होते. तुम्ही नव्हतातच तिथे, तुम्ही फॉर्म घेऊन खाली होतात. मी दाबलं ते." काकूंनी "अगं" एवढंच म्हटलं. तात्यांनी हात काढून घेतला आणि मग हसले. "वेडी आहेस. माझ्यासाठी खोटं बोलायला आलीस? मला चालायचं नाही हं ते. जागा जाईल तुझी." मी पर्स उचकटली, पेन सापडलं, कागद सापडेना, शेवटी औषधाच्या दुकानाची पावती सापडली, तिच्या मागे नऊ आकडे लिहिले. पाठ होते मला, महिनाभर दुसरं काय पाठ केलं होतं? बावीस पॉइंट आठ. चोवीस पॉइंट एक. मधोमध पंचवीस पॉइंट तीन. "त्यांनी तुम्हाला चित्रं दाखवली, तात्या, आकडे नाही दाखवले. हे आकडे आहेत." त्यांनी चष्मा शोधला, तो गळ्यातच होता. पावती डोळ्यांजवळ नेली. खालून कोणाची तरी स्कूटर सुरू होत होती, होत नव्हती, होत होती. एकतीस वर्षांत या माणसाने टेबलात एकही अपूर्णांक टाकलेला नाही. हाताने एकेक घर भरायचे, आणि ते 'स्मूद' बटण कुठे असतं हेही त्यांना ठाऊक नसेल, कधी दाबलंच नाही. त्यांचं बोट पंचवीस पॉइंट तीनवर थांबलं होतं.

"हे माझं नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाही." "हे मशीनने काढलेले आकडे आहेत." "हो." "तू." "हो, तात्या. महिनाभर माहीत होतं मला. बोलले नाही." मी वाट बघत होते, ओरडतील म्हणून. त्यांनी ओरडायला हवं होतं, आकड्यांवरून किती वेळा ओरडले होते, आता तर एक माणूस पाय मोडून पडला होता. काकू पुढे आल्या, माझ्याकडे बघितलंही नाही, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, तरी पण उद्या आपण—" त्यांनी बोट वर करून त्यांना थांबवलं. पावती गुडघ्यावर ठेवली, तिच्यावरून तळहात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, अगदी हळू, खरंच मला उत्तर माहीत असेल अशा विश्वासाने, "मग मला जे आठवतंय ते काय आहे?"

मी त्यांच्या गुडघ्यावरच्या पावतीकडे बघितलं. काकू तशाच उभ्या होत्या. "मला दिसतंय गं," तात्या म्हणाले. "आत्तासुद्धा दिसतंय. पाय दुखत होते. तुझ्या हातात कागद होते." ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मला उठून त्यांना धरावंसं वाटलं आणि माझी हिंमत झाली नाही. मग त्यांनी काकूंना विचारलं, "उद्या किती वाजता म्हणालीस?" काकूंना क्षणभर कळलंच नाही. "साडेदहा," त्या म्हणाल्या. "अहो, साडेदहा." ते म्हणाले, "दहाला निघू." आणि मग मला म्हणाले, जुन्याच सुरात, काम वाटून देताना लावायचे त्या सुरात, "तू आधी साहेबांकडे जा. नऊला येतो तो. सगळं सांग, लिहून दे, माझा कागद परत घे. आणि मग इकडे ये, आमच्याबरोबर चल. मी काय काय विसरतो ते ही सांगेल डॉक्टरला, तिला सगळं माहीत आहे. पण जे झालंच नाही ते मला आठवतं, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

मी हो म्हटलं.